लातूरच्या अंगणात वसंतातले कंद: काय लावावं, काय सोडून द्यावं

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही ऑक्टोबरात ट्यूलिप, डॅफोडिल आणि हायसिंथचे कंद ऑनलाइन मागवले. दसरा-दिवाळीच्या मध्ये ते अंगणातल्या काळ्या मातीच्या वाफ्यात सहा इंच खोल लावले, शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. डॅफोडिलला नुसती पात आली. ट्यूलिपची कळी पानांच्या बेचक्यात, मातीलगतच वाळली. हायसिंथ सडले. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय: चुकलं काय, हे कंद पुढच्या वर्षी चालतील का, आणि लातूरच्या हवेत वसंतात फुलणारे दुसरे कोणते कंद लावता येतील.

आधी ट्यूलिपचं बोलू, कारण पैसे तिथं गेले. जालना-बुलढाण्याकडं कांद्याचं बी करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात. थंडी लागली की त्यातून डोंगळे उठतात आणि त्यांत बी धरतं. थंडी कमी पडली तर पात माजते, डोंगळे कमी निघतात. म्हणजे कंदाला फुलायला थंडी लागते ही गोष्ट आपल्या शिवारात नवी नाही. डॅफोडिल तर शास्त्राच्या हिशेबानं कांद्याच्याच कुळातलं. फरक इतकाच की कांद्याची गरज आपल्या डिसेंबर-जानेवारीत भागते. ट्यूलिप आणि डॅफोडिलला साधारण २ ते ९ अंश तापमान सलग १२ ते १६ आठवडे मिळावं लागतं. हायसिंथचं थोडं कमी, १० ते १२ आठवड्यांत भागतं.

तुम्ही म्हणाल, परभणीत तर एखाद्या वर्षी पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली जातो. जातो, पण त्याच दिवशी दुपारी तो २७-२८ वर असतो. कंद काही हवेत नसतो. तो सहा इंच मातीखाली असतो आणि तिथं दिवस-रात्रीची सरासरी टिकून राहते. ती आपल्याकडं ऐन पौषातही वीस अंशांच्या आसपास घुटमळते. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी, झबरवानच्या पायथ्याशी २००७ साली सुरू झालेली ट्यूलिपची बाग मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलते, ती आधीचे चार महिने माती गारठलेली असते म्हणून.

विकत घेतलेल्या ट्यूलिपच्या कंदात कळी आधीच तयार असते. एखादा कंद उभा चिरून बघा, मधोमध बारीकशी दिसेल. थंडीचं काम त्या कळीखालचा दांडा लांबवण्याचं. ते झालं नाही की कळी जागच्या जागी अडकते आणि पहिल्या उन्हात सुकते. तुमच्याकडं नेमकं हेच झालं. खत वाढवून यात काही बदललं नसतं, आणि खोली तर तुम्ही बरोबर ठेवली होती.

हायसिंथ सडले ते मात्र रोजच्या पाण्यानं. काळी माती एकदा भिजली की आठ-आठ दिवस आत ओल धरून ठेवते. वरून कोरडी दिसते म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो. शेतात पेरणीला आपण वापसा यायची, म्हणजे माती बेताची सुकायची, वाट बघतो आणि अंगणात तो विसरतो. मराठवाड्यात कंद तहानेनं मेलेले मी क्वचित बघितलेत. बुडाशी पाणी साचून मेलेले मात्र दरवर्षी लोक हातात घेऊन दाखवायला येतात.

ट्यूलिपची हौस फिटलीच पाहिजे असं असेल, तर एक वाट आहे: फ्रिज. कंद कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत घालून खालच्या कप्प्यात, ४-५ अंशांवर, १२ आठवडे ठेवायचे. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, टोमॅटो, पिकलेला आंबा काही नको. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं कंदातली कळी आतल्या आत मरते. हे ऐकल्यावर घरातली मंडळी बहुतेक वेळा कंदच फ्रिजबाहेर काढतात.

आणि हिशेब बघा. कंद १५ ऑक्टोबरच्या सुमारास हाती पडले, तर १२ आठवडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरतात. तिथून फुलायला पाच-सहा आठवडे, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. तेव्हा आपल्याकडं दुपारचं तापमान ३० च्या पुढं सरकलेलं असतं आणि फूल चार-पाच दिवसांत गळतं. म्हणून घ्यायचेच तर आधीच थंडी दिलेले कंद विचारून घ्या आणि डिसेंबरातच कुंडीत लावा. कुंडी पूर्वेच्या बाजूला ठेवा, दुपारचं ऊन एक मिनिटही नको. फूल झालं की कंद फेकून द्यायचा. पुन्हा फुलवायच्या नादी लागू नका. हायसिंथ त्यातल्या त्यात सोपा, कारण तो दांडा आखूड असला तरी वास देतो. अरुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात, कंदाच्या बुडाला पाणी टेकणार नाही इतकं पाणी ठेवूनही तो फुलवता येतो.

ऑनलाइन ट्यूलिपचं बी विकतात, त्याकडं बघूही नका. बियांपासून ट्यूलिप फुलायला चांगल्या थंड मुलखातसुद्धा पाच-सात वर्षं लागतात.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येतो: आपल्या हवेत काय फुलतं.

कंद म्हणजे झाडानं अवघड काळासाठी केलेली सोय. बर्फाळ मुलखातला कंद थंडीत झोपतो. आफ्रिकेतल्या, मेक्सिकोतल्या, दक्षिण अमेरिकेतल्या कित्येक कंदांचा अवघड काळ म्हणजे कोरडा ऋतू. आपलं वर्षही तसंच चालतं: चार महिने पाऊस, बाकी कोरडं. म्हणून कंद निवडताना फोटोतल्या रंगापेक्षा तो कधी झोपतो आणि त्याला कशानं जाग येते हे आधी विचारावं. पाण्यानं किंवा उष्णतेनं जागा होणारा कंद लातूर, बीड, धाराशिवकडं पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. थंडीनं जागा होणारा दरवर्षी विकत आणावा लागतो.

वसंतासाठी माझी पहिली पसंती अमरिलिस. शास्त्रीय नाव हिप्पिएस्ट्रम, नर्सरीत नुसतं ‘लिली’ म्हणून मिळतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मार्च-एप्रिलात, भोवतालचं सगळं वाळायला लागलेलं असताना, जाड पोकळ दांड्यावर दोन ते चार मोठी कर्ण्यासारखी फुलं येतात. जुन्या वाड्यांच्या परसात तांबडा, मध्ये पांढरी रेघ असलेला एक प्रकार असतो. तो मिळाला तर आधी तो घ्या. विकतच्या डच कंदांची फुलं दुप्पट मोठी असतात हे खरं, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये त्यांची पानं करपतात आणि पावसाळ्यात बुडाला कूज लागते. जुना तांबडा यातून निभावतो, शिवाय दरवर्षी बाजूला पिल्लं देतो. गावात कुणाकडं तरी असतोच. पावसाळा संपताना दोन पिल्लं मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

अमरिलिस लावताना कंदाची मान आणि वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर ठेवायचा. आपल्याकडं लोक तो बटाट्यासारखा गाडतात. मग मानेत पाणी साचतं आणि कंद वरून कुजत जातो. कुंडी फार मोठी नको, कंदाच्या भोवती दोन बोटं जागा पुरते. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती नुसती ओली राहते आणि रोप पिल्लं काढत बसतं.

त्याचं वर्ष असं चालतं. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत पानं जोरात असतात, तेव्हा खतपाणी द्यायचं. दिवाळीनंतर पाणी कमी करत नोव्हेंबरच्या मध्याला पूर्ण तोडायचं. कुंडी सावलीत, पत्र्याखाली किंवा जिन्याखाली सरकवून ठेवायची. पानं पिवळी पडून आपोआप गळतात, ओढून काढू नका. दोन-अडीच महिने तिकडं बघायचंही नाही. मग वसंत पंचमीच्या सुमारास वरची दोन इंच माती बदलून एकदा भरपूर पाणी द्यायचं आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा थांबायचं. कोंब बोटभर झाला की नेमानं पाणी सुरू करायचं. वसंत पंचमी ते पाडवा जवळपास आठ आठवडे असतात, आणि अमरिलिसला जागं होऊन फुलायला साधारण सहा ते आठ आठवडेच लागतात. वर्ष थंड असेल तर आठ-दहा दिवस मागंपुढं होतं. जमिनीतल्या जुन्या तांबड्याला इतकं लाड करून झोपवायची गरज नाही. थंडीत त्याच्या वाफ्याकडं पाणी वळवलं नाही म्हणजे झालं.

फूल गेल्यावर दांडा बुडापासून कापा, बी धरू देऊ नका. पानं मात्र कापायची नाहीत. अमरिलिस साधारण चार पानांमागं एक फुलाची कळी कंदाच्या आत बसवतो, आणि ती कळी बाहेर यायला जवळपास वर्ष घेते. यंदाच्या मे महिन्यात तुम्ही पानं जळू दिलीत, तर त्याची भरपाई पुढच्या पाडव्याला करावी लागते. म्हणून एप्रिल-मेमध्ये कुंडी अशी ठेवा की सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन मिळेल आणि पुढं सावली. जमिनीत असेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी नेट वर बांधा. ‘पानं खूप, फूल नाही’ ही तक्रार घेऊन जितके लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांनी एकतर हिवाळ्यात पाणी तोडलेलं नसतं किंवा उन्हाळ्यात पानं वाचवलेली नसतात.

दुसरा, ग्लॅडिओलस. हा चैत्रापर्यंत थांबत नाही, पण जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा आपला जो सुखाचा काळ असतो तेव्हा फुलतो, आणि लातूरला तोच खरा वसंत. लागवड ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरअखेरपर्यंत करावी. जातीप्रमाणे ७५ ते ९० दिवसांत दांडा येतो. एकदम सगळे कंद न लावता पंधरा-पंधरा दिवसांनी तीन टप्प्यांत लावले तर फूल महिनाभर मिळतं. डिसेंबरनंतर लावू नये, कारण मार्चच्या उन्हात दांडा आखूड राहतो आणि कळ्या उमलण्याआधी कडेनं सुकतात. कंद चपटा घेऊ नका, उंचीला भरलेला घ्या. व्यास चार सेंटीमीटरच्या आसपास असावा आणि बुडाला मुळ्यांचे बारीक पांढरे ठिपके दिसायला हवेत. नुकता काढलेला ग्लॅडिओलसचा कंद जवळपास तीन महिने उगवतच नाही. तो दुकानदारानं गळ्यात मारला की लोक माती उकरून उकरून बघत राहतात. दोन-तीन इंच खोल, दोन कंदांत वीतभर अंतर, आणि पाच-सहा पानांवर आला की माती चढवून काठीचा आधार. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले गणेश’ ही जात आपल्याकडं चांगली येते. दांडा काढताना खाली चार पानं ठेवा. त्यांच्यावर नवा कंद पोसतो, आणि तो दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडल्यावर काढायचा.

ग्लॅडिओलसच्या पानांचे शेंडे करपत असतील तर रोगाच्या आधी पाणी तपासा. या झाडाला फ्लोराइड सोसत नाही, आणि आपल्याकडं काही गावांच्या बोअरला ते जास्त आहे. अशा ठिकाणी सुपर फॉस्फेटही टाळावं, त्यातही थोडं फ्लोराइड असतं. गच्चीचं पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर ते यासाठी राखून ठेवा.

नर्गिस, म्हणजे पांढऱ्या छोट्या फुलांचा, घोसात येणारा नार्सिसस, हा डॅफोडिलचाच भाऊ, पण त्याला थंडीची अट नाही. तुम्हाला डॅफोडिलचीच ओढ असेल तर हाच आणा. नोव्हेंबरात उथळ कुंडीत किंवा नुसत्या खड्यांत लावला तरी पाच-सहा आठवड्यांत फुलतो. वास उग्र असतो, बंद खोलीत काहींना सोसत नाही. रॅननक्युलसचे पंज्यासारखे आणि ॲनेमोनचे ओबडधोबड सुके कंद तीन-चार तास भिजवून, पंज्याची बोटं खाली करून नोव्हेंबरात कुंडीत लावता येतात. थंडी बरी पडली तर फेब्रुवारीत रंग छान येतात, नाही पडली तर गेलं वर्ष. फ्रीसियाच्या नादी लातुरात लागू नये असं माझं मत आहे.

मे महिन्यासाठी फायर बॉल लिली, जिला कुणी फुटबॉल लिली म्हणतं, कुणी मे फ्लॉवर. आफ्रिकेतली आहे. हिवाळाभर कुंडी रिकामी असल्यासारखी दिसते, म्हणून ती कितीजणांनी उपटून तुळस लावली असेल कोण जाणे. वळवाचा पहिला पाऊस झाला की मातीतून सरळ दांडा निघतो आणि त्यावर लालभडक गोल चेंडू उमलतो. नंतर पानं, ती दिवाळीपर्यंत, आणि पुन्हा झोप. त्या झोपेत पाणी द्यायचं नाही, एवढीच तिची अट. पाण्याची टंचाई असलेल्या घराला याहून सोयीचं फूल मला माहीत नाही. टँकरच्या दिवसांत ती काही मागत नाही. रेन लिलीचंही असंच: कोरड्यात ताणलेली, वळीव पडला की चार-पाच दिवसांत गुलाबी, पिवळी, पांढरी फुलं. वाफ्याच्या कडेला एकदा लावून विसरून जावं.

निशिगंध वसंतातला नाही, पण कंदांविषयी मराठवाड्यात लिहायचं आणि गुलछडी गाळायची हे जमणार नाही. शेतकरी तिची लागवड एप्रिल-मेमध्ये करतात, कारण त्यांच्याकडं तेव्हा पाळी देण्याइतकं पाणी असतं. घरी पाण्याची ओढ असेल तर मृगाचा पाऊस पडून वापसा आल्यावर लावली तरी चालते. तीन महिन्यांच्या सुमारास फुलं सुरू होतात. घरच्या बागेसाठी एकेरी जातच घ्या: बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’, ‘प्रज्वल’ किंवा राहुरीची ‘फुले रजनी’. दुहेरी जाती दिसायला भरगच्च, पण वासात एकेरीला तोड नाही. तीन वर्षांनी गड्डा उकरून, फोडून पुन्हा लावायचा, नाहीतर गर्दी होऊन दांडे बारीक निघतात.

आता मातीचं. तुमच्या अंगणात किती निचरा आहे हे बघायला हातभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा आणि ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळीही तसंच असेल तर त्या जागी जमिनीत कंद लावायचा नाही. त्यासाठी वीतभर उंच गादीवाफा करावा लागेल. एक भाग काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण मी वापरतो. वाळू परवडत नाही, तर क्रशरची कच चालते, पण ती धुऊन घ्या. तिच्यातली बारीक भुकटी मातीत गेली की ती सिमेंटसारखी बसते. विटांचा चुराही चांगला. तलावातला गाळ मात्र कंदांच्या वाफ्यात टाकू नका. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनंतर तो सगळीकडं सहज मिळू लागला आणि लोक कुंड्याही त्यानंच भरतात. कपाशीला, तुरीला तो सोनं आहे. कंदाला मात्र तो चिकट, बारीक, निचरा मारणारा.

काळ्या मातीचा दुसरा त्रास म्हणजे उन्हाळ्यातल्या भेगा. भेग पडताना मुळ्या तुटतात आणि कंदाला हवा लागून तो सुकतो. वाफ्यावर पाचटाचं किंवा वाळलेल्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन टाकलं की भेगा कमी होतात. कंदाची मान तेवढी मोकळी ठेवा.

परदेशी माहितीत प्रत्येक कंदाखाली हाडांचा चुरा घाला असं लिहिलेलं असतं. आपल्या चुनखडीच्या, विम्लतेकडं (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी बाजूकडं) झुकणाऱ्या जमिनीत त्यातला स्फुरद (फॉस्फरस) झाडाला लागत नाही. तो आम्ल मातीत विरघळतो, आणि इथं नुसता पडून राहतो, वर कुत्री वाफा उकरतात ते वेगळंच. चुलीची राखही नको, ती माती आणखी विम्ल करते. त्याऐवजी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि पानं वाढत असताना पंधरवड्यातून एकदा ०:५२:३४ किंवा १३:०:४५ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम. फूल आल्यावर खत थांबवा. पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह फवारा, युरिया टाकू नका.

शेणखत कच्चं असेल तर हुमणी आलीच. पावसाळ्यात रोप अचानक मलूल झालं, ओढलं तर अलगद हातात आलं, असं झालं की मातीत पांढरी जाड वाकडी अळी शोधा. अमरिलिस, रेन लिली, स्पायडर लिली या सगळ्यांवर जुलै-ऑगस्टात काळ्या अंगाची, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची अळी पडते आणि दोन रात्रींत पानं साफ करते. ती रंगामुळं लगेच दिसते. हातमोजा घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. औषधाची गरज मला फारशी पडलेली नाही. लावण्याआधी कंद ट्रायकोडर्माच्या (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीच्या) पाण्यात बुडवून सावलीत सुकवले तर कूज बरीच आटोक्यात राहते. खरा धोका परतीच्या पावसाचा. सप्टेंबरात चार-पाच दिवस झड लागली की कुंड्या वळचणीखाली घ्या आणि वाफ्याच्या कडेनं चर काढून पाणी बाहेर सोडा.

पाणी किती द्यायचं असं सगळे विचारतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर देऊ नका. हिवाळ्यात जमिनीतल्या ग्लॅडिओलसला आठवड्यातून एकदा पुरतं, कुंडीला दोनदा.

तुमच्या सध्याच्या कंदांचं काय करायचं ते सांगतो. ट्यूलिप आणि हायसिंथ खताच्या खड्ड्यात टाका. डॅफोडिलची पात अजून हिरवी आहे असं लिहिलंय, तर ती आपोआप वाळू द्या आणि मग कंद उकरून बघा. घट्ट आणि वजनदार लागले तर ठेवा आणि ऑगस्टअखेर फ्रिजमध्ये १५ आठवडे घाला. ते डिसेंबरच्या मध्याला लावायला होतील. पोसलेले नसतील तर यंदासारखीच नुसती पात मिळेल, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. ग्लॅडिओलस पुढं लावलात तर त्याचे कंदही काढून पंधरा दिवस सावलीत वाळवा, जुना सुकलेला कंद खालून मोडून टाका आणि उन्हाळाभर जाळीच्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ४२ अंशांच्या मे महिन्यात ते बाहेर टिकत नाहीत.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. डॅफोडिल आणि अमरिलिसचे कंद दिसायला थेट कांद्यासारखे असतात आणि विषारी असतात. त्यांत लायकोरिन असतं, पोटात गेलं तर जोराच्या उलट्या होतात. कळलावीचा कंद तर त्याहून घातक, त्यातल्या कोल्चिसिननं जीव जातो, म्हणून लहान मुलं असलेल्या अंगणात ती लावूच नये. आपल्या घरांत कांदा-लसूण जिथं टांगलेला असतो, तीच कोरडी हवेशीर जागा कंदांनाही बरी म्हणून लोक तिथंच ठेवतात. तसं करू नका. कंदांची पिशवी स्वयंपाकघराबाहेर ठेवा, फ्रिजमध्ये असेल तर बंद डब्यात, वर मोठ्या अक्षरांत ‘खायचा नाही’ असं लिहिलेली चिठ्ठी बांधा, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला तोंडानंही सांगून ठेवा.